पहाटेचें शांत पाणी आणि जुना कॅमेरा

आमच्या घरीं कपाटाच्या वरच्या फळीवर कातडी पेटींत एक जुना कॅमेरा असतो. तो आमच्या वडिलांनीं जुन्या बाजारांतून घेतला होता. त्याला पुढच्या बाजूस एकावर एक अशीं दोन भिंगें आहेत. वरच्या भिंगांतून पाहावयाचें व खालच्या भिंगांतून चित्र घ्यावयाचें. विद्यार्थी तो पाहतात तेव्हां प्रथम हंसतात आणि मग ठरलेला प्रश्न विचारतात : "सर, यांत फक्त बारा फोटो निघतात, मग हें ओझें कशाला वाहावयाचें?" प्रश्न रास्त आहे. आज घरोघरचा फोन एका मिनिटांत शंभर चित्रें घेतो आणि त्यांस निराळा खर्च पडत नाहीं. या प्रश्नाचें उत्तर आम्हांस पूर्वीं नीट देतां येत नसे. गेल्या हिंवाळ्यांत अलिबागच्या किनाऱ्यावर जें घडलें, त्यांतून तें आम्हांस मिळालें. ती हकीकत, आणि तिच्या ओघांत पाणी, प्रकाश व फिल्म यांचे कांहीं नियम, येथें सांगण्याचा विचार आहे.

आमच्या वर्गांतील एका मुलाचे आजोबा तांडेल होते. सारें आयुष्य त्यांनीं समुद्रावर काढलें. त्यांची लांकडी होडी आतां जीर्ण झाली होती, आणि पौषाची अमावास्या उलटली कीं ती मोडून तिचें लांकूड विकावयाचें, असें घरांत ठरलें होतें. त्या मुलानें एके दिवशीं मधल्या सुट्टींत येऊन आम्हांस विचारलें कीं, होडी पाण्यावर उभी असतांना, आजोबा रोज पहाटे ती पाहत आले तशी, तिचें एक मोठें चित्र तुमच्या कॅमेऱ्यानें काढून द्याल काय? फोनवरचीं चित्रें त्याच्यापाशीं होतीं. परंतु घरांतील भिंतीवर लावण्यासारखें एक तरी असावें, अशी त्याची इच्छा होती. आम्ही मोठ्या विश्वासानें होकार दिला. विश्वास थोडा कमी असता तर बरें झालें असतें.

पौषी पौर्णिमेच्या पहाटे आम्ही तीन विद्यार्थ्यांसह किनाऱ्यावर गेलों. पाहतों तों पाणी दूर हटलेलें, आणि होडी ओल्या वाळूंत एका कुशीवर कलंडलेली! तरीही आलों आहों तर चित्रें घ्यावीं, म्हणून आम्ही तिपाई उभी केली, आकाशाकडे प्रकाशमापक धरला, त्यानें सांगितला तेवढा वेळ शटर उघडें ठेविलें आणि बाराही चित्रें संपविलीं. सायंकाळीं फिल्म धुतली. निगेटिव्ह जवळजवळ कोरी होती. आकाशाची फिकट छटा तेवढी उमटली होती. होडीच्या जागीं कांहींच नव्हतें. मुलगा कांहीं बोलला नाहीं. अमावास्येस पंधरा दिवस उरले होते.

आमच्या हातून तीन चुका झाल्या होत्या. पहिली पाण्याविषयींची, दुसरी प्रकाशाविषयींची आणि तिसरी फिल्मविषयींची. त्या क्रमानेंच आपण त्यांचा विचार करूं.

प्रथम पाणी. कोंकणचा समुद्र हिंवाळ्यांतील पहाटे आरशासारखा कां होतो, याचें उत्तर भूगोलाच्या पुस्तकांत आहे. रात्रीं जमीन लवकर थंड होते, पाणी उशिरां थंड होतें. जमिनीवरील हवा गार व जड होऊन समुद्राकडे वाहूं लागते. यांसच आपण मतलई वारे म्हणतों. आतां कोणी विचारील कीं, वारा आहे तर लाटा कां नाहींत? त्याचें कारण असें कीं, लाट वाढण्यास वाऱ्याला पाण्यावरून लांब अंतर धांवावें लागतें. मतलई वारा जमिनीवरून येतो. किनाऱ्याजवळच्या पाण्यावर त्याची धांव नुकतीच सुरू झालेली असते. शिवाय गांवांतील घरें व माडांच्या रांगा त्याला अडवितात. म्हणून किनाऱ्यालगतचा पट्टा शांत राहतो. सूर्य वर आला, जमीन तापली, म्हणजे वारा थांबतो व नंतर उलट फिरतो. खारे वारे सुरू होतात आणि आरसा मोडतो.

परंतु वारा शांत असला तरी पाणी योग्य जागीं पाहिजे. येथें आमचें पुस्तकी ज्ञान अपुरें पडलें, आणि तांडेल आजोबांनीं तें पुरें केलें. दुसऱ्या दिवशीं आम्ही त्यांच्या घरीं अपराध कबूल करण्यास गेलों. त्यांनीं शांतपणें विचारलें, "मास्तर, तिथि पाहिली होती का?" कोंकणांत भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब आहे : तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची सुमारें वेळ निघते. पौर्णिमा ही पंधरावी तिथि. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती, तर तिच्या सुमारें सहा तास आधीं, म्हणजे पहाटे पांचच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. मग सूर्योदयापूर्वीं होडी वाळूंतच असावयाची! हा हिशेब आम्ही वर्गांत फळ्यावर कितीदां तरी सोडवून दाखविला होता. पण घरून निघतांना तो आठवला नाहीं.

आम्ही लगेच म्हणालों कीं, मग अष्टमी धरूं. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती. आजोबांनीं मान हलविली. "अष्टमी नव्हे, नवमी धरा. सहाला अंधार असतो." खरोखर, नवाची पाऊणपट पावणेसात, आणि पौषांत आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. तांबडें फुटण्याच्या वेळेसच पाणी भरून थांबलेलें असणार. त्यांत आणखी एक लाभ आहे. पौर्णिमा-अमावास्येस चंद्र व सूर्य यांची ओढ एका रेषेंत येते, म्हणून उधाण येतें व पाणी जोरानें चढतें-उतरतें. अष्टमी-नवमीस त्या दोन ओढी काटकोनांत असतात, म्हणून भांगाची भरती येते. पाण्याची चढउतार थोडी व प्रवाह मंद. नांगरलेली होडी प्रवाहाबरोबर फिरते. ज्या चित्रास अर्धें मिनिट लागणार, त्यांत होडी वीतभर सरकली तरी चित्र पुसट होतें. पाणी थांबलें तरच होडी थांबणार. याच हिशेबानें शेजारच्या कुलाबा किल्ल्याचाही विचार करतां येतो : ओहोटीस ज्या वाटेनें लोक पायीं किल्ल्यांत जातात, ती भरतींत पाण्याखालीं जाते, तेव्हां पाण्यानें वेढलेला किल्ला कोणत्या तिथीच्या पहाटे दिसेल, हें विद्यार्थ्यांनीं स्वतः काढून पाहावें.

आतां प्रकाश. आपल्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रांतून उगवत नाहीं. तो आपल्या पाठीमागें, डोंगरांच्या बाजूस उगवतो. पुष्कळांस ही उणीव वाटते. परंतु सूर्योदयापूर्वीं पश्चिमेकडे तोंड करून उभे राहा. स्वच्छ हवेंत क्षितिजालगत निळसर करडा पट्टा दिसतो आणि त्याच्यावर गुलाबी पट्टा. तो करडा पट्टा म्हणजे आपल्या पृथ्वीची सांवली होय. ती वातावरणावर पडलेली असते, आणि मागें सूर्य जसजसा क्षितिजाकडे चढतो तसतशी ती समोर खालीं उतरून समुद्रांत बुडते. पूर्व किनाऱ्यावरील माणसास हें दृश्य समुद्रावर पाहावयाचें तर सायंकाळची वाट पाहावी लागते. आपणांस तें पहाटे मिळतें, पाणी शांत असतांना.

सूर्य क्षितिजाखालीं सहा अंश असल्यापासून उगवेपर्यंतच्या संधिप्रकाशास आपल्या अक्षांशावर सुमारें बावीस-तेवीस मिनिटें लागतात. उत्तरेकडील देशांत सूर्य तिरपा चढतो, म्हणून तेथें हा काळ लांबतो. आपल्याकडे तो जवळजवळ उभा चढतो. एवढ्या थोड्या वेळांत प्रकाश शंभरपटींहून अधिक वाढतो. म्हणजे दर तीन-चार मिनिटांस तो सुमारें दुप्पट होत जातो. पहिल्या चित्रासाठीं काढलेला हिशेब तिसऱ्या चित्रास लागू पडत नाहीं. प्रत्येक वेळीं नव्यानें मोजावें लागतें.

मोजावें तरी कशावरून? येथें आमची दुसरी चूक झाली. प्रकाशमापक आकाशाकडे धरला, तर तो उजळ आकाशाचा हिशेब देतो, आणि त्या हिशेबानें काळी लांकडी होडी अंधारांत बुडते. ज्या वस्तूचें चित्र घ्यावयाचें, तिच्यावर पडणारा प्रकाश पाहिला पाहिजे. आपणांस होडीपर्यंत जातां येत नसेल, तर त्याच प्रकाशांत असलेल्या ओल्या वाळूवर किंवा आपल्या तळहातावर मापक धरावा, आणि तळहात वाळूहून उजळ असतो हें ध्यानांत ठेवून वेळ दुप्पट करावा.

पाण्याच्या आरशाचाही नियम आहे. पाण्यांत सरळ खालीं पाहिलें तर शंभर भाग प्रकाशांपैकीं सुमारें दोनच भाग परततात. बाकीचा आंत शिरतो. पण नजर जसजशी पाण्याशीं सपाट होते, तसतसा परतणारा प्रकाश वाढत जातो, आणि अगदीं निसटत्या नजरेस जवळजवळ सर्वच परततो. म्हणून उंच धक्क्यावरून काढलेल्या चित्रांत पाणी काळें दिसतें आणि वाळूजवळ खालीं बसून काढलेल्या चित्रांत तें रुपेरी दिसतें. आमचा दुहेरी भिंगाचा कॅमेरा येथें सोयीचा पडतो, कारण त्यांत वरून खालीं पाहावयाचें असतें. तिपाई आंखूड करून तो गुडघ्याएवढ्या उंचीवर ठेवला तरी लोळावें लागत नाहीं. मात्र त्याच्या कांचेवर डावें-उजवें उलट दिसतें. होडी डावीकडे सरकवावी म्हणून आपण कॅमेरा फिरवितों, तों ती उजवीकडे पळते! याची संवय घरीं अंगणांतच करावी. पहाटेच्या बावीस मिनिटांत करूं नये.

आतां तिसरी चूक, फिल्मची; आणि हीच सर्वांत शिकण्यासारखी. जुन्या लोकांस समुद्राचें चित्र घेणें किती कठीण जात असे, हें पाहण्यासारखें आहे. गुस्ताव्ह ल ग्रे नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें १८५६-५७ च्या सुमारास काढलेलीं समुद्रचित्रें प्रसिद्ध आहेत. त्या काळच्या कांचा निळ्या रंगास फार व इतर रंगांस फार थोड्या जागत. समुद्र नीट उमटावा तर आकाश कोरें पांढरें होई. म्हणून कांहीं चित्रांत त्यानें आकाश एका निगेटिव्हवरून व समुद्र दुसऱ्यावरून छापून एक चित्र केलें. पुढें १८७३ सालीं हेर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञास असें आढळलें कीं, थरांत विशिष्ट रंगद्रव्य मिसळलें तर तो इतर रंगांसही जागूं लागतो. त्यांतूनच पुढें सर्व रंगांस जागणारी फिल्म झाली. आमच्या कॅमेऱ्याची जात, रोलायकॉर्ड, जर्मनींतील ब्राउनश्वाइग येथें १९३३ पासून होऊं लागली. त्याला लागणारी १२० क्रमांकाची फिल्म १९०१ सालीं निघाली व ती आजही मिळते. आपल्या देशांत उदगमंडलम येथें ‘इंदू’ नांवाची फिल्म होत असे. तो कारखाना आतां बंद झाला आहे, म्हणून फिल्म परदेशाहून येते व महाग पडते.

फिल्मवर चांदीच्या क्षाराचे अतिसूक्ष्म कण असतात. प्रकाशाचा घाव बसला कीं कणांत चांदीचा एखादा अणु सुटा होतो. असे कांहीं अणु एकत्र जमले तरच तो कण धुतांना काळा होतो. एकटा अणु टिकत नाहीं, तो पुन्हां पूर्वस्थितीस जातो. किंचित् गळणारी घागर डोळ्यांपुढें आणा. विहिरीवर भराभर ओतलें तर ती भरते. पण थेंब-थेंब पाणी टाकलें तर आलेल्या थेंबांतून कांहीं गळून जातात, आणि एकूण पाणी तेवढेंच ओतलें तरी घागर अर्धवट राहते. मंद प्रकाशांत फिल्मचें तसेंच होतें. निम्मा प्रकाश असेल तर दुप्पट वेळ द्यावा, हा साधा त्रैराशिकाचा नियम एका सेकंदापेक्षां लांब वेळेस मोडूं लागतो. खगोलशास्त्रज्ञ कार्ल श्वार्त्सशिल्ड यानें ताऱ्यांचीं छायाचित्रें अभ्यासतांना १९०० च्या सुमारास याचा हिशेब मांडला.

आम्ही वापरतों ती फिल्म इलफर्ड कंपनीची, एफपी-४ प्लस नांवाची, १२५ वेगाची. तिच्यासाठीं कंपनीनें जो नियम दिला आहे तो असा : मापकानें सांगितलेल्या सेकंदांचा १.२६ वा घात काढावा. विद्यार्थ्यांस घातांक शिकून त्याचा उपयोग काय असें वाटतें. त्यांनीं हें पाहावें. मापक ४ सेकंद म्हणाला तर द्यावे सुमारें ६. ८ म्हणाला तर १४. १५ म्हणाला तर ३०. आणि ३० म्हणाला तर सुमारें ७३. आम्ही पौर्णिमेस १५ च्या जागीं १५ च दिले होते. आकाशाकडे मापक धरण्याची चूक, आणि तीवर ही चूक! होडी कशी उमटावी?

नवमीच्या पहाटे सहास आम्ही पुन्हां किनाऱ्यावर होतों. मुलानें वेळांचा तक्ता पुठ्ठ्यावर मोठ्या अंकांत लिहून आणला होता. फिल्म घरींच सांवलींत भरली होती. कॅमेरा पेटींतून काढून आधींच दहा मिनिटें उघड्या हवेंत ठेविला. कारण थंड भिंगास दमट हवा लागतांच त्यावर धुकें धरतें व तें पुसण्याच्या भरांत वाळूचा कण भिंगावर ओरखडा पाडतो. तिपाईचे पाय लाटेच्या टप्प्याबाहेर घट्ट वाळूंत रोविले. शटरला दोरीसारखी लवचीक तार लाविली, म्हणजे बोटाचा धक्का कॅमेऱ्यास बसत नाहीं. शटरवर ‘बी’ ही खूण असते. ती लावली कीं तार दाबून धरीपर्यंत शटर उघडें राहतें. भिंगाचें छिद्र १६ च्या खुणेवर ठेविलें, जेणेंकरून जवळची वाळू व दूरची होडी दोन्ही स्पष्ट यावीं.

पाणी काठोकाठ भरलें होतें. होडी आपल्या प्रतिबिंबावर उभी होती. एक मुलगा मापक वाचीत होता, दुसरा तक्ता पाहून सेकंद सांगत होता, तिसरा घड्याळ धरून मोठ्यानें मोजीत होता. होडीवाल्या मुलाच्या हातीं आम्ही तार दिली. त्याचे आजोबा थोडे दूर वाळूवर बसले होते आणि होडीकडे पाहत होते. पहिल्या चित्रास ७३ सेकंद लागले. नंतरच्यास ३०, मग १४, मग ६. आठव्या चित्राच्या वेळीं मागें माडांच्या शेंड्यांवर ऊन आलें. शेवटचीं चार चित्रें आम्ही न घेतां आजोबांसाठीं राखून ठेविलीं, आणि होडीकडे पाहत बसलेले ते असे त्यांत आले.

फिल्म धुण्याचा द्रव २० अंशांचा हवा असतो. आमच्या नळाचें पाणी त्याहून ऊन, म्हणून बाहेर बर्फाचे खडे ठेवून तो थंड केला. धुतलेली फिल्म वर धरली तेव्हां खोलींत कोणी बोलेना. बारांपैकीं तीन चित्रें हललेलीं, दोन अंधुक, आणि सात चांगलीं होतीं. होडी अमावास्येनंतर ठरल्याप्रमाणें मोडली.

मोठें चित्र छापून आम्ही आजोबांकडे नेलें. त्यांनीं तें खिडकीजवळ नेऊन बराच वेळ पाहिलें. चांगलें आहे कीं वाईट, हें कांहींच न बोलतां त्यांनीं नांगराच्या दोरावर बोट ठेविलें. दोर सरळ ताणलेला नव्हता. तो सैल लोंबत पाण्यांत गेला होता. "पाणी थांबलं होतं," एवढेंच ते म्हणाले. आम्ही तें चित्र पन्नास वेळां पाहिलें होतें. दोराकडे आमचें लक्ष गेलें नव्हतें.

विद्यार्थ्यांच्या त्या जुन्या प्रश्नास आमचें उत्तर आतां असें आहे. बाराच चित्रें असल्यामुळें आधीं तिथि पाहावी लागते, वारा समजून घ्यावा लागतो, गणित करावें लागतें, आणि आपणांस जें ठाऊक नाहीं तें ज्याला ठाऊक आहे त्याच्या दारीं जाऊन विचारावें लागतें. फोनवर शंभर चित्रें घेणाऱ्यानेंही हें सर्व करावें, त्यास कोणाची मनाई नाहीं. परंतु चूक फुकट असली म्हणजे ती शोधण्याची खटपट आपण सहसा करीत नाहीं, हा आमचा स्वतःचा अनुभव आहे.

पालकांस एक विनंती आहे. आपल्या घरीं असा जुना कॅमेरा असेल तर तो भंगारांत देण्यापूर्वीं एकदां मुलांच्या हातीं द्यावा. मागचें झांकण उघडून एक सेकंदाचें शटर खरोखर एका सेकंदांत मिटतें कीं अडखळतें, तें पाहावें; भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे काय तें उजेडांत पाहावें; कोंकणच्या दमट हवेंत तो ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावा. आणि घरांत भरती-ओहोटी जाणणारें कोणी वृद्ध माणूस असेल, तर त्याच्याजवळ बसून हिशेब उतरून घेण्यास मुलांस सांगावें. कॅमेरा दुरुस्त करणारे अजून कोठें कोठें सांपडतात. तें माणूस मात्र पुढच्या पौषांत भेटेलच, असा भरंवसा कोणी देऊं शकत नाहीं.